खाच क्रमांक पाच

बहलाहून तो माणूस मुळं घेऊन आला,
ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्हं मूल धरावं तशी.
खलफान बिन हमूद.
चपलांवर फलजचा वाळलेला गाळ.
म्हणाला, पानं पांढरी पडतायत, एकाच बाजूनं,
कंगव्याचे दात एकाच कडेनं पिकावेत तशी.
शेजारी म्हणतात जिन्न,
पुतण्या म्हणतो बायूद.
दोघांतलं वाईट कोणतं ते त्याला ठाऊक होतं:
जिन्नावर उतारा असतो.

बायूद असेल तर सरकारी गाडी येणार.
एकशे चाळीस झाडं, शिवाय आजूबाजूची,
मुळासकट. मग चुना, मग आग,
आणि त्या मातीत खजुराला कित्येक वर्षं मज्जाव.

तिसऱ्या दिवशी बशीत उगवली.
पांढरी, पिंजल्या कापसासारखी, तळाशी जांभळट.
काचेखाली बीजाणू: चंद्रकोरीच चंद्रकोरी.
शिजू म्हणाला, तीच.
मी म्हटलं, तीच, नाहीतर तिची बहीण,
मुळाच्या सालीत भाडेकरूसारखी राहणारी,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
दोघी नाकीडोळी अशा
की एकीला झाकावं नि दुसरीला काढावं.

आधी नेहमीचा जनुकपट्टा वाचला.
पाचशे अक्षरं. अक्षर न अक्षर सारखं.
त्या ओळीवरून घराणं कळतं,
घरातलं कोण उठून दाराशी आलंय ते कळत नाही.
मला शाळेतलं ध चा मा आठवलं.
शाई तीच, वळण तेच, मोहोर तीच,
आणि कुठल्या तरी एका जागी
धरायचं ते मारायचं होऊन बसलेलं.
जागा माहीत हवी, नाहीतर पत्र कितीदाही वाचा.

मारणारीच्या अंगात एक भटका तुकडा असतो,
कधीकाळी उडी मारून आलेला, तिथेच रुतलेला.
त्याच्या दोन कडा ओळखणारे दोन प्रायमर
मस्कतहून बर्फात आले.
तुकडा असला तर त्यांच्यामधली वाट भरते,
नसला तर ते नुसते पोहत राहतात.
पस्तीस फेऱ्या. बाहेर त्रेचाळीस अंश,
आत यंत्र तापतंय, निवतंय, तापतंय,
आणि मी कालची डाळ थंडच खाल्ली.

संध्याकाळी जेल. निळा उजेड.
पहिल्या खाचेत मापाची शिडी.
दुसरीत परदेशातून मागवलेला, खुद्द मारेकऱ्याचा डीएनए: ठसठशीत रेघ.
तिसरीत पाणी.
चौथी, पाचवी, सहावी खलफानच्या झाडांची.
चौथी रिकामी. सहावी रिकामी.
पाचवीत काहीतरी धुरकट,
काचेवर कुणी श्वास सोडावा एवढंच.

त्या रात्री मी माझ्या हातांचा विचार केला.
पिपेटच्या टोकाला एक कण राहिला असेल, माझ्याच.
एका कणावर एकशे चाळीस झाडं.
सकाळी सगळं पुन्हा. नवी टोकं, नवं पाणी.
पाचवी रिकामी.
पुन्हा. रिकामी.
रिकाम्यावर विश्वास ठेवणं सोपं नसतं;
कदाचित नळीत काही उरलंच नसेल.
म्हणून दुसरे प्रायमर घालून हाक मारून पाहिली:
तिन्हींनी ओ दिली, स्वच्छ, सरळ.
बहिणीच होत्या. भाडेकरू.

फोन लावला. माझी अरबी बाजारापुरती.
इथे मा म्हणजे नाही.
मा फी बायूद, मी म्हटलं,
दोन्ही अक्षरं नीट सुटी ठेवून.
पलीकडे बराच वेळ पंपाचा आवाज.
मग त्यानं विचारलं, मग पांढरी का पडली?
माहीत नाही म्हटलं. मीठ असेल, पाणी असेल, शोधू.
तो म्हणाला, एक मी जाळलं.
नमुना दिला त्याच रात्री. मावशीनं लावलेलं,
रस्त्याच्या कडेचं, तुमच्या यादीत पाचवं.

यादी समोरच होती.
अरबीत सांगता आलं असतं मला.
मी म्हटलं, बाकीच्यांना पाणी द्या.